लेझर करायचं म्हणता? आधी थोडं बोलूया

(समुदाय रेडिओवर महिलांच्या आरोग्याच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

दुपारची वेळ आहे. भांडी आवरून झाली असतील, कुणी शिलाई मशीनवर बसली असेल, कुणी गच्चीवरच्या कुरडयांवर लक्ष ठेवत रेडिओ ऐकत असेल. मे महिना आहे, ऊन नुसतं मी म्हणतंय. त्यात लग्नसराई. आणि लग्नसराईत आमच्याकडं एकाच गोष्टीबद्दल सारखे फोन येतात. "ताई, हनुवटीवरचे केस लेझरनं कायमचे जातात का?" "वांगावर लेझर करू का?" "मुलीच्या हातावरचं गोंदण काढायचंय, पोलीस भरतीला जायचंय तिला." म्हणून आज ठरवलं, लेझरवरच बोलायचं.

आम्ही तिघी हा कार्यक्रम करतो हे तुम्हाला माहीत आहे. एक आशाताई, एक शिवणकाम करणारी, एक शाळेत शिकवणारी. आम्ही डॉक्टर नाही. आज जे सांगणार आहोत ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात बसून, मॅडमना पुन्हा पुन्हा विचारून, वहीत उतरवून आणलेलं आहे.

पण त्याच्याआधी एक कबुली द्यायची आहे.

दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, याच कार्यक्रमाच्या सुरुवातीला आम्ही एक जाहिरात वाचली होती. तालुक्याच्या गावी एक ब्युटी क्लिनिक उघडलंय, वांग, डाग, नको असलेले केस लेझरनं कायमचे घालवा, महिला दिनानिमित्त सहा सिटिंगवर खास सवलत. वाचणाऱ्या आम्हीच. आवाज गोड करून वाचली. पैसे मिळाले, त्यातून स्टुडिओतला खराब झालेला माइक बदलला. तिथं लेझर कोण करतं, त्याचं शिक्षण काय, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही.

ती जाहिरात ऐकून जी बाई गेली, ती आमच्याच बचत गटातली. नाव सांगणार नाही. "गोष्ट सांगा, नाव तेवढं नको," असं तिनंच सांगितलंय. वय 41. दुसऱ्या बाळंतपणापासून दोन्ही गालांवर वांग. घरात कुणी बोलत नव्हतं असं नाही. नणंद म्हणायची, "वहिनी, तुमचा चेहरा कसा राखेसारखा झालाय." तिनं गटातून 18 हजार रुपये कर्ज काढलं. कर्जाचं कारण लिहायच्या रकान्यात 'शिलाई मशीन' लिहिलं. वांगासाठी कर्ज काढते, असं लिहायची तिला लाज वाटली.

तिथं तिला कुणी विचारलं नाही की बाई, तू चेहऱ्याला काय लावतेस, उन्हात किती असतेस, गोळ्या कुठल्या चालू आहेत. दोन सिटिंग झाली, चेहरा जरा उजळल्यासारखा वाटला. तिसऱ्या वेळी विस्तवावर पापड धरावा तसं गालाला झालं. रात्री बारीक फोड आले. फोन केला तर, "असंच असतं, खपली पडली की गोरं निघेल." खपली पडली. खाली आधीच्यापेक्षा काळा डाग, आणि त्यात मधे मधे पांढरे ठिपके. चार महिने ती पदर पुढं ओढून वावरली. गटाच्या मीटिंगला निरोप पाठवायची, "हप्ता पोरीबरोबर धाडते." आम्हाला वाटलं, घरकामात अडकली असेल. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुंकू लावताना एकीनं तिची हनुवटी वर केली, तेव्हा सगळं कळलं. मग आम्ही तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. मॅडमनी गाल बघितला, शांतपणे म्हणाल्या, "हे भाजलंय. आणि वांगाला थेट लेझर ही पहिली पायरी नसतेच."

मैत्रिणींनो, ती जाहिरात आमच्या तोंडून गेली. म्हणून आजचं बोलणंही आमच्याच तोंडून जायला हवं.

आता हे लेझर म्हणजे नक्की काय? लेझर म्हणजे एक प्रकारचा उजेड. बल्बचा उजेड घरभर पसरतो, त्यात सगळे रंग मिसळलेले असतात. लेझरचा उजेड एकाच रंगाचा, एकाच दिशेनं जाणारा. दिंडीतले वारकरी जसे टाळाच्या ठेक्यावर एकदम पाऊल टाकतात, तशा त्याच्या लाटा एका पावलानं चालतात. त्यामुळं त्याची सगळी ताकद एका ठिपक्यावर आणता येते. असा उजेड तयार होऊ शकतो याचं मूळ गणित आइन्स्टाइन यांनी 1917 साली मांडलं. प्रत्यक्ष पहिला लेझर 16 मे 1960 रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला, माणकाच्या कांडीतून. पुढं थोड्याच वर्षांत तिथल्याच सिनसिनाटी शहरातल्या लिऑन गोल्डमन या त्वचेच्या डॉक्टरांनी तो माणसाच्या कातडीवर वापरून अभ्यास सुरू केला.

आणि एक गोष्ट ऐकून तर आम्हाला इतका आनंद झाला! त्वचेच्या दवाखान्यात चामखीळ, खड्डे, भाजल्याचे व्रण यांवर जो कार्बन डायऑक्साइड लेझर वापरतात, तो शोधून काढणारे शास्त्रज्ञ कुमार पटेल हे आपल्या बारामतीत जन्मलेले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, मग अमेरिकेत गेले आणि 1964 साली तिथल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेझर तयार केला. तेव्हा हे यंत्र काही जादूटोणा नाही आणि परकंही नाही. शोध चांगलाच आहे. हातात कुणाच्या आहे, ते बघायचं.

उजेडानं उपचार कसा होतो? तुमच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी असेल आणि शेजारणीची पांढरी, तर ऊन दोन्हींवर सारखंच पडतं. पण काळी टाकी जास्त तापते. लेझरचं तंत्र साधारण यावरच उभं आहे. आपल्या कातडीत उजेड शोषून घेणाऱ्या मुख्य गोष्टी तीन. एक मेलॅनिन, म्हणजे कातडीला आणि केसांना काळा-सावळा रंग देणारं द्रव्य. दुसरं रक्तातला लाल रंग. तिसरं पाणी. प्रत्येकाला वेगळा उजेड आवडतो. कुठला उजेड कुणाला तापवतो हे ओळखून, तो अगदी क्षणापुरता सोडायचा, म्हणजे नको असलेली गोष्ट तापून मोडते आणि आजूबाजूची कातडी शाबूत राहते. 1983 साली अँडरसन आणि पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी हे तत्त्व नीट मांडलं आणि तिथून त्वचेच्या लेझरची खरी वाट मोकळी झाली.

आता यातली मेख बघा. लेझरला डोळे नसतात. काळा केस आणि सावळी कातडी, दोन्हींत मेलॅनिनच. गोऱ्या कातडीवर काळा केस असेल तर उजेड थेट केसाच्या मुळाशी जातो. आपल्यासारख्या गहूवर्णी, सावळ्या कातडीत मात्र वरच्या थरातलं मेलॅनिन वाटेतच तो उजेड खाऊन टाकतं आणि तापतं. ताकद जास्त झाली, थंडावा कमी पडला, की कातडी भाजते. मग एक तर काळा डाग पडतो, नाहीतर रंग बनवणाऱ्या पेशीच मरतात आणि पांढरा ठिपका राहतो. आमच्या मैत्रिणीच्या गालावर दोन्ही झालं.

डॉक्टर लोक कातडीचे सहा प्रकार धरतात. अगदी गोरी, उन्हात नुसती लाल होणारी ती पहिली. गडद काळी ती सहावी. आपण बहुतेक जणी चौथ्या-पाचव्या प्रकारात. म्हणजे लेझर आपल्यासाठी नाही, असं मुळीच नाही. आपल्या कातडीला लांब लहरींचा, खोल जाणारा उजेड जास्त सुरक्षित. केसांसाठी डायोड आणि एनडी याग नावाचे लेझर त्यासाठीच वापरतात. एनडी यागच्या उजेडाची लांबी 1064 नॅनोमीटर असते, तो वरच्या मेलॅनिनला कमी डिवचतो. ताकद किती ठेवायची, किती वेळ ठेवायची, किती थंड करायचं, हे मात्र समोरच्या कातडीकडं बघून ठरवावं लागतं. ज्याला ते बघता येत नाही, त्याच्या हातात ते यंत्र म्हणजे लहान मुलाच्या हातात तापलेली इस्त्री.

आता एकेक तक्रार घेऊ.

सगळ्यात जास्त विचारणा केसांची. पहिली गोष्ट म्हणजे 'कायमचे जातात' हे वाक्य खरं नाही. केस कमी होतात, बारीक होतात, हळू येतात आणि बरेच दिवस तसे राहतात. नंतर वर्षातून एखाददुसरं सिटिंग लागू शकतं. एका वेळी भागत नाही, कारण आपले सगळे केस एकदम वाढीच्या अवस्थेत नसतात. वाढीतल्या केसाच्याच मुळाला लेझर लागतो. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं साधारण सहा-आठ वेळा जावं लागतं. पांढऱ्या केसांवर उपयोग नाही, त्यात तापायला रंगच नाही. सिटिंगच्या आधी महिनाभर वॅक्स, धागा, चिमटा बंद ठेवायचा. केस मुळासकट उपटला तर लेझर काय शोधणार? कापलेला, रेझर केलेला चालतो.

चेहऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट जाहिरातीत कुणी सांगत नाही. काही बायकांना, विशेषतः आपल्यासारख्या वर्णाच्या आणि ज्यांच्या शरीरात संप्रेरकांचा घोळ आहे त्यांना, गालावरच्या किंवा मानेवरच्या बारीक लवेवर लेझर केला तर केस कमी व्हायच्या ऐवजी जाड होऊन वाढतात. म्हणून बारीक लव असेल तर तिला हात लावू नका. आणि हनुवटीवर, ओठावर, छातीवर राठ केस अचानक वाढले असतील, पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, वजन वाढत असेल, तर लेझरच्या आधी पीसीओएसची आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या. टाकी भरून वाहत असेल तर नळ बंद करायचा. नुसती फरशी पुसून काय होणार? घरातल्या माणसांनाही सांगते, पोरीच्या हनुवटीवर केस आले म्हणून तिला हिणवू नका. तो आजाराचा इशारा असू शकतो. तिला डॉक्टरकडं न्या.

दुसरं, वांग. वांग हे ऊन, बाळंतपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्याचा वारसा यांमुळं येतात. बऱ्याच जणींना डोळ्याला दिसणारा साधा उजेडसुद्धा पुरतो. वांग चिवट असतात, जातात आणि पुन्हा येतात. पहिला उपचार म्हणजे उन्हापासून रक्षण. रुंद काठाची टोपी, ओढणी, छत्री, आणि रोज सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी. रंग असलेली, म्हणजे लोहाचा अंश असलेली सनस्क्रीन वांगासाठी जास्त उपयोगी. त्याच्या जोडीला डॉक्टरांनी दिलेलं मलम. काही जणींना तपासून पोटातून गोळ्या देतात. इतकं करूनही वांग हटले नाहीत तर हलक्या ताकदीचा लेझर विचारात घेतात, तोही सांभाळून. कारण कातडीला उष्णता आणि दाह झाला की वांग उलटे चिडून वर येतात.

इथंच एक दुसरा धोका. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, तीन औषधं एकत्र असलेली मलमं. त्यात स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा गोरा-गुळगुळीत दिसतो, म्हणून बाई वर्षभर लावते. मग कातडी पातळ होते, लाल होते, केस वाढतात, पुटकुळ्या येतात, मलम सोडलं की आग आग होते. अशा पातळ झालेल्या कातडीवर लेझर केला तर काय होईल, तुम्हीच विचार करा. आमची मैत्रीणसुद्धा असंच मलम लावत होती. डॉक्टरांपुढं जाताना घरातली सगळी मलमं पिशवीत भरून न्या. लाजू नका.

तिसरं, गोंदण. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर काजळीचं गोंदण. आता पोरी जत्रेत यंत्रानं नाव गोंदवून घेतात. कुणाला सासरी त्रास होतो, कुणाला भरतीत अडचण येते, कुणाला ते नाव आता नकोसं झालेलं असतं. गोंदण काढण्याचं काम लेझर चांगलं करतो. क्यू-स्विच्ड नावाच्या लेझरचा एक ठोका एका सेकंदाच्या काही अब्जांश भागाएवढाच असतो. त्या तडाख्यानं शाईचा कण फुटून चुरा होतो, आणि तो चुरा मग आपल्या शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी उचलून नेतात. म्हणून दोन सिटिंगमध्ये सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. यंत्र फक्त फोडतं, झाडलोट आपलं शरीर करतं. काजळीचं साधं काळं गोंदण कमी वेळात जातं. हिरवी, पिवळी, रंगीत शाई हट्टी असते, जास्त वेळा जावं लागतं आणि थोडा फिकट डाग मागं राहू शकतो. चुना, ॲसिड किंवा तापलेली पळी लावून गोंदण काढायचा उद्योग कुणी करू नका. गोंदण जातं, पण भाजल्याचा व्रण जन्मभर राहतो. आणि जत्रेत गोंदवताना सुई नवी आहे का हेही बघा. एकाच सुईनं दहा जणांना गोंदलं तर काविळीपासून एचआयव्हीपर्यंत काहीही पसरू शकतं.

चौथं, जन्मखुणा. काही मुलांच्या चेहऱ्यावर जन्मापासून लाल-जांभळा, दारू सांडल्यासारखा डाग असतो. तो रक्तवाहिन्यांचा असतो. त्यावर रक्ताच्या लाल रंगाला पकडणारा लेझर वापरतात, आणि लवकर सुरू केला तर फायदा जास्त. काहींना डोळ्याभोवती, गालावर निळसर-करडा डाग असतो, त्याला नेव्हस ऑफ ओटा म्हणतात. त्यावर क्यू-स्विच्ड लेझरचा गुण चांगला येतो. आमच्या शेजारच्या वाडीतली एक मुलगी, दहावीत होती, फोटो काढायला कधी उभी राहायची नाही. डोळ्याखाली निळा डाग, लोक विचारायचे, "कुणी मारलं का गं?" मोठ्या दवाखान्यात दीड वर्ष खेपा घातल्या. एसटीनं जाऊन-येऊन पाच तास, आईचा त्या दिवसाचा रोज बुडायचा. डाग पूर्ण गेला नाही, पण आता जवळ येऊन बघावं लागतं. बारावीच्या निकालाच्या दिवशी तिनं स्वतःहून आमच्याबरोबर फोटो काढला. लेझर वाईट असता तर ही गोष्ट आम्ही सांगितली असती का? एका गालाचं नुकसान केलं, एका गालाचं भलं केलं. फरक होता तो नेमकं निदान आणि जाणता हात यांचा.

ज्या मुलांना असा लाल डाग पापणीवर किंवा कपाळावर आहे, त्यांना डोळ्यांच्या आणि मुलांच्या डॉक्टरांनाही दाखवा. काही वेळा त्याचा संबंध डोळ्याच्या दाबाशी किंवा फिटशी असतो. नुसता दिसण्याचा प्रश्न समजून सोडू नका.

पाचवं, पांढरे डाग, म्हणजे कोड. यात एक्सायमर नावाचा लेझर वापरतात. तो 308 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अतिनील उजेड. तो काही जाळत नाही, झोपलेल्या रंगपेशींना जागं करतो. मोजके डाग असतील तर उपयोगी, चेहऱ्यावर गुण लवकर, बोटांच्या टोकांवर कमी. पण प्रत्येक फिकट चट्टा कोडाचाच असतो असं नाही. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, टाचणी टोचलेली समजत नसेल, तर आधी सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. तपासणी आणि औषध मोफत असतं, आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो.

बाकी मुरुमांचे खड्डे, भाजल्याचे आवळलेले व्रण यांवर कार्बन डायऑक्साइड लेझरनं कातडीत अगदी बारीक छिद्रं पाडतात. भोवतालची चांगली कातडी ती छिद्रं भरून काढते आणि व्रण मऊ पडतो. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बायकांची मान, बोटं आखडलेली असतात. त्यांच्यासाठी हा उपचार नटण्यामुरडण्याचा मुळीच नाही. हात नीट हलला तर भाकरी थापता येते, त्याचा हा प्रश्न आहे. आणि तीळ? एखादा तीळ वाढतोय, रंग बदलतोय, त्यातून रक्त येतंय, तर तो लेझरनं जाळून घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. जाळला की तपासायला काही उरत नाही, आणि आत काही वाईट असेल तर ते लपून राहतं.

आता तुमच्या फोनवरच्या प्रश्नांकडं येऊ.

एका ताईंनी विचारलंय, डॉक्टर खरा कसा ओळखायचा? सोपं आहे. एम.बी.बी.एस. नंतर त्वचारोगात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.डी.व्ही.एल., डी.व्ही.डी. अशी पदवी असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो पाटीवर किंवा चिठ्ठीवर लिहिलेला असतो. 'स्किन एक्स्पर्ट', 'लेझर स्पेशालिस्ट' अशी नुसती पाटी ही पदवी नव्हे. आठ दिवसांच्या कोर्सचं भिंतीवरचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र हीसुद्धा नव्हे. पार्लर चालवणाऱ्या आमच्या मैत्रिणींनो, रागावू नका. तुमचं कौशल्य मोठं आहे, त्यावर तुमची घरं चालतात. पण लेझर हे वैद्यकीय यंत्र आहे. भुवया कोरणं वेगळं आणि कातडीच्या आत उष्णता सोडणं वेगळं.

दुसरा प्रश्न, आत गेल्यावर काय विचारायचं? आमच्या वहीत लिहिलंय ते वाचते. माझ्या आजाराचं नाव काय? लेझरशिवाय दुसरा उपचार आहे का? यंत्र कुठलं, ते माझ्या वर्णाला चालतं का? लेझर स्वतः डॉक्टर करणार की दुसरं कुणी? किती वेळा यावं लागेल आणि एकूण खर्च किती? बिघडलं तर कुणाला भेटायचं? आधी लहानशा जागेवर चाचणी करून बघाल का? कानामागं किंवा जबड्याखाली एक ठिपका मारून काही दिवस वाट बघता येते. ही उत्तरं द्यायला जो कंटाळतो, त्याच्यापुढं गाल करू नका. सहा सिटिंगचे पैसे आधी भरू नका. आणि पावती घ्या. आमच्या मैत्रिणीकडं पावतीच नव्हती. दाद मागायला गेली, तर तिथं म्हणाले, "तुम्ही आमच्याकडं आला होतात याचा पुरावा काय?"

तिसरा प्रश्न, दुखतं का? रबर ताणून सोडल्यावर बसावा तसा चटका बसतो, थोडी आग होते. फार दुखत असेल, भाजल्यासारखं वाटत असेल, तर तोंडानं सांगा, "थांबा." सोसणं हा आपल्या बायकांचा गुण मानलाय, पण इथं तो गुण उपयोगाचा नाही. मशीन चालू असताना डोळ्यांवर संरक्षणाचा चष्मा हवाच, तुमच्याही आणि करणाऱ्याच्याही. चष्मा नसेल तर उठून या. गेलेली नजर परत येत नाही.

चौथा प्रश्न एका सुनेचा, गरोदरपणात चालेल का? बाळंतपण होईपर्यंत थांबा. त्या काळात आलेले वांगसुद्धा बऱ्याच वेळा नंतर आपोआप फिके होतात. मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, ओठावर जर उठायची सवय असेल, जखमेवर वाढीव गाठाळ व्रण येत असतील, साखर असेल, तर हे सगळं आधी सांगायचं.

आणि घरी आल्यावर? थंड पाण्याचा ओला कपडा ठेवा. सांगितलेलं साधं मलम लावा. हळद, लिंबू, बेसन, टूथपेस्ट, यातलं काही लावायचं नाही. खपली नखानं काढायची नाही. वाफ, ब्लीच, फेशियल बंद. आणि ऊन टाळायचं. शेतावर राबणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे थट्टाच, हे आम्हाला कळतं. म्हणून मॅडम म्हणाल्या, ज्यांना उन्हातच काम करायचंय त्यांनी कांदे काढणीच्या, ऊस तोडणीच्या दिवसांत लेझर घ्यायचाच नाही. काम हलकं असेल तो काळ निवडायचा. फोड आले, पू झाला, डाग गडद होत चालला, तर वाट न बघता त्वचेच्या डॉक्टरांकडं जायचं. पहिल्या काही दिवसांत उपचार मिळाला तर बरंच नुकसान वाचतं.

एक प्रश्न मात्र आम्ही शेवटी ठेवला होता. एका आईचा. "ताई, पोरगी सावळी आहे, स्थळं परत जातात, लेझरनं गोरी होईल का?"

नाही, ताई. जन्मजात वर्ण लेझरनं बदलत नाही. ऊन लागून काळवंडलेली कातडी थोडी निवळेल, डाग फिका होईल, पण मूळ रंग तोच राहणार. जे बदलून देतो म्हणतात, ते तुमचे पैसे घेतील आणि कदाचित पोरीचा चेहराही घेतील. सावळेपणा हा आजारच नाही, मग त्याला उपचार कसला? हेच मेलॅनिन आपल्याला रानातल्या उन्हात सांभाळतं. जे स्थळ रंग बघून परत गेलं, ते गेलं ते बरं झालं असं म्हणणं सोपं आहे, आईच्या जिवाला ते लागतं, हेही आम्ही जाणतो. पण त्या 18-20 हजारांत पोरीचं कॉलेजचं एक वर्ष होतं. पोरीला एकदा शेजारी बसवून विचारा, तुला काय हवंय.

आता आमच्या मैत्रिणीचं काय झालं ते सांगते आणि संपवते. सव्वा वर्ष झालं औषध चालू होऊन. स्टेरॉइडचं मलम हळूहळू सोडलं. रोज सनस्क्रीन, शेतावर जाताना रुमाल आणि टोपी. काळे डाग निम्म्याहून कमी झाले. दोन पांढरे ठिपके राहिलेत, ते कदाचित राहतीलच, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. कर्जाचा शेवटचा हप्ता तिनं गेल्या महिन्यात भरला. त्या दिवशी मीटिंगमध्ये तिनं वही मागितली, कारणाच्या रकान्यातलं 'शिलाई मशीन' खोडलं आणि त्यावर 'चेहऱ्याचा उपचार' असं लिहिलं. कुणी हसलं नाही. दोघी जणी मात्र मीटिंग संपल्यावर हळूच तिच्याजवळ गेल्या. एकीला वांग आहेत, एकीच्या पोरीला हनुवटीवर केस. पुढच्या आठवड्यात त्या तिघी मिळून मोठ्या दवाखान्यात जाणार आहेत. रस्ता तिला माहीत आहे, केसपेपर कुठं काढायचा तेही तिला माहीत आहे.

आणि आमच्या केंद्रापुरतं आम्ही ठरवलंय. उपचाराची कुठलीही जाहिरात आली, की आधी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागायचा. 'कायमचं' आणि 'शंभर टक्के' हे शब्द असतील तर ती वाचायची नाही. माइक जुना राहिला तरी चालेल. तुम्ही आमच्या आवाजावर विश्वास ठेवता, तो विकायचा नाही. ज्या कुणी ती जुनी जाहिरात ऐकून तिथं गेल्या असतील, त्यांची आम्ही माफी मागतो. त्रास झाला असेल तर केंद्रावर या किंवा निरोप धाडा. आम्ही बरोबर येऊ.

पुढच्या मंगळवारी याच वेळी भेटू. पावसाळा तोंडावर आलाय, तेव्हा पिण्याच्या पाण्याबद्दल बोलू. तोवर उन्हात जाताना डोक्यावरून काहीतरी घ्या, आणि कुरडया उलटवायला विसरू नका. नमस्कार.